ताई, दिवसा झोपू नकोस

चि. ताईस, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "अप्पा, आठ दिवस ऊनच नाही, पुस्तक उघडलं की झोप येते." आईनं हसण्यावारी नेलं. मला जमेना.

दापोलीचा पाऊस आपल्याला ठाऊक नव्हता असं नाही. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटर. आपल्या मंगळवेढ्यात पाचशे झाला तरी माणसं बरा झाला म्हणतात. दुपारी चारला दिवा लावायचा, कपडे वाळत नाहीत, उशीला कुबट वास, हर्बेरियमच्या, म्हणजे दाबून वाळवलेल्या झाडपाल्याच्या, पानांवर पांढरी बुरशी, वर लाइट जाणार. अंथरुणात शिरावंसं वाटणारच. पण दिवसा झोपू नकोस. सकाळी डोळ्यांवर उजेड पडला की झोपेचं वेळापत्रक रुळावर येतं, आणि ढगाळ आभाळाचा उजेडही खोलीतल्या ट्यूबपेक्षा कितीतरी जास्त असतो. व्हरांड्यात खुर्ची टाक, नाहीतर लायब्ररी गाठ. पलंगावर पुस्तक नेऊच नको. दुपारी फारच पेंग आली तर उठून चूळ भर, एक फेरी मार... लागलो बघ भाषण द्यायला. रागावू नकोस.

आजीला तुमच्याकडचा पाऊस सांगितला तर खरं वाटत नाही. १९७२ साली तुझं कृषी विद्यापीठ निघालं, त्याच सालच्या दुष्काळात ती सुकडी खाऊन खडी फोडत होती. तू गुडघाभर चिखलात भाताची लावणी करतेस तो फोटो आल्यागेल्याला दाखवते. ज्वारीवर जगलेल्या आपल्या घरात भात लावणारी तू पहिलीच. मला कुणी विचारलं तर मीही विद्यापीठाचं नाव अख्खं घेतो, डॉ. बाळासाहेब सावंतांसकट.

नानाही आधी दुपारचेच झोपायचे. लिहिणार नव्हतो. तुझं तसं नाही, कळतं मला. तरी मेसमध्ये जेवायला खाली उतरतेस ना? ताट खोलीवर मागवू नकोस. कुणाशी बोलू नये, भिंतीकडे तोंड करून पडून राहावं असं वाटलं तर मला सांग. आईला नको, मला. डॉक्टरला दाखवायचं तर त्यात लाज कसली? मी येतो सोबत, एसटीला एक रात्र लागते, त्याचं काय एवढं.

पार्सल टाकलंय. कडक भाकरी तिकडे मऊ पडतील, डब्याचं झाकण घट्ट लाव. शेंगाचटणी आहे. कडुलिंबाचा वाळका पाला पुस्तकांच्या पेटीत टाक. हर्बेरियमचे कागद रोज बदलायचे असतात हे तूच मला शिकवलंस, म्हणून त्यावर काही बोलत नाही. थोडे पैसे पाठवलेत, त्यातून इस्त्री घे, ओले कपडे अंगावर घालू नकोस. परीक्षेचं नंतर बघू, एखादा विषय राहिला तरी घर काही पडत नाही. म्हणजे राहू देऊ नकोस, पण राहिला तर.

रोज सकाळी सातच्या सुमारास एक फोन करत जा. बोलायला काही नसलं तरी चालेल, उठलीस एवढं कळलं की मी शेताकडे जाईन.

तुझा,
अप्पा