वीरगळाला ऑइल पेंट नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शिर्डीला जाणाऱ्या गाड्या सिन्नरात चहाला थांबतात. फार तर गोंदेश्वर बघतात आणि निघतात. यादवकाळातलं हे पंचायतन (मधे मोठं देऊळ, भोवती चार छोटी) बघण्यासारखं आहेच, आणि त्याला पुरातत्त्व खात्याचं संरक्षणही आहे. मला लिहायचंय ते गावोगावी पारावर नाहीतर बांधाला टेकून उभ्या असलेल्या वीरगळांबद्दल, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीसाठी कोरलेल्या दगडांबद्दल.

मी पेंटर. विडीच्या जाहिराती, दुकानांच्या पाट्या, ट्रकचे फाळके यांत जन्म गेला. हात कापायला लागला तसा धंदा सोडला आणि सायकल बाहेर काढली. कधी डुबेऱ्याला बर्व्यांच्या वाड्याकडे जातो (थोरले बाजीराव १७०० साली इथेच जन्मले, हे सिन्नरातल्या पोरांनाही सांगावं लागतं), कधी पट्टा किल्ल्याच्या वाटेला लागतो. वाटेत देऊळ दिसलं की उतरायचं, एवढाच नियम.

अशाच एका गावात पंचवीसेक वर्षांपूर्वी मी यात्रेआधी एक दगड रंगवला होता. गावाचं नाव लिहीत नाही, कारण चूक माझी आहे. लोक त्याला 'वीर' म्हणत, नारळ फोडत. मी आधी लांबी (पुट्टी) भरून खड्डे बुजवले, मग प्रायमर, मग ऑइल पेंटचे दोन हात. मधे कोरलेल्या बायकांना हिरव्या साड्या दिल्या, घोडा पांढरा केला. शाबासकी मिळाली, वर जेवणही.

पुढे कोणीतरी समजावलं तेव्हा कळलं, त्या बायका म्हणजे अप्सरा. खालच्या चौकटीत तो माणूस लढून पडतो, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतो त्याची कीर्ती. तळाशी गायी कोरलेल्या असल्या तर तो गावची गुरं वाचवताना मेला. माझ्या दगडावर गायी होत्या का, हे मला आता सांगता येत नाही. लांबीखाली मीच ते बुजवलंय.

धंद्यातली गोष्ट सांगतो. ऑइल पेंटची साय दगडावर बसते, आत मुरलेली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. मग रंगाचा पापुद्रा सुटतो आणि येताना दगडाची कपचीही घेऊन येतो. दरवर्षी नवा हात मारला की कोरीव रेघ भरत जाते, नाक-डोळे सपाट होतात. रंग काढायला पत्रा, तारेचा ब्रश किंवा कॉस्टिक वापरू नये, त्याने उरलंसुरलंही जातं. ते काम जाणकारांचंच. शेंदराबद्दल मी बोलत नाही, ती भक्ती आहे. पण सिल्व्हर आणि गुलाबी कसली भक्ती?

चैत्रातल्या यात्रा जवळ आल्या की ग्रामपंचायती रंगाचे डबे आणतात. त्याच पैशात दगडाखाली चौथरा होईल, वर चार पत्रे पडतील, शेजारी दोन ओळींची पाटी लागेल. पाटी मी फुकट रंगवून देईन, तेवढा हात अजून चालतो. आपण यात्रांच्या आधी एखाद्या स्वच्छ वीरगळाचा फोटो छापलात तर बरं होईल.

परवा त्याच गावातल्या पोरांनी विचारलं, "काका, औंदा कोणता रंग टिकंल?" मी म्हटलं, डबा आणू नका, मी येतो. आधी त्या गायी आहेत का ते बघू.

आपला,
एक निवृत्त पेंटर, सिन्नर