जुना फिश फाइंडर घ्यावा की नाही: चिरंजीवास पत्र

ठाणे, आषाढ

चि. सुहास यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नाखव्याने आपला वापरलेला फिश फाइंडर, म्हणजे ध्वनीच्या आधारे पाण्यातील मासे व तळ पडद्यावर दाखवणारे यंत्र, तुला नव्याच्या निम्म्याहून अधिक किमतीला देऊ केला आहे आणि ३१ जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपण्यापूर्वी व्यवहार उरकावा असा त्याचा आग्रह आहे, हे वाचून मला या घाईचीच अधिक काळजी वाटली. १ जूनपासून सर्व नौका वर ओढलेल्या आहेत आणि पाण्याबाहेर या यंत्राची खरी परीक्षा होऊच शकत नाही. त्याच्या पडवीत बॅटरी जोडताच पडदा उजळला आणि तळाची रेघ व माशांच्या कमानी सरकू लागल्या, असे तू लिहितोस; परंतु अशा पुष्कळ यंत्रांत नमुना दाखवण्याची सोय असते, आणि ती चालू असता ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात राहून ध्वनी सोडणारा व ऐकणारा भाग, जोडलेला नसला तरी पडद्यावर मासे दिसत राहतात. नाखव्याच्या मनात खोट आहे असे मी मुळीच म्हणत नाही, मात्र तू जे पाहिलेस त्यावरून यंत्राविषयी काहीच कळलेले नाही.

खरा विचार ट्रान्सड्यूसरचा करायचा. पडदा कितीही मोठा असला तरी यंत्राचा कान पाण्यात असतो. त्यातील सिरॅमिकची चकती ध्वनीचा ठोका खाली सोडते आणि तळावरून किंवा माशावरून परतलेला प्रतिध्वनी ऐकते. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, म्हणजे ३० मीटर खोलीवरून तो सेकंदाच्या शंभर भागांपैकी चार भागांत परत येतो. ती चकती जुनी होऊन मंदावली, तिच्या तोंडाला तडा गेला किंवा केबल मध्येच कापून जोडलेली असली, तर क्षीण प्रतिध्वनी हरवतात. आणि तुला नेमके क्षीण प्रतिध्वनीच ऐकायचे आहेत.

याचे कारण तुझ्या मासेमारीत आहे. जपानमध्ये नागासाकीकडील फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये मासे शोधण्याचे यंत्र प्रथम बाजारात आणले, त्याचा आधार असा की हवेवरून ध्वनी जोराने परततो आणि बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी, म्हणजे वाताशय, असते. घोळ किंवा तारलीचा थवा म्हणूनच पडद्यावर ठळक उमटतो. सुरमईला आणि मुशीला वाताशय नसते. तू सुरमईसाठी जाळे टाकतोस, तेव्हा यंत्र तुला सुरमई बोट ठेवून दाखवील अशी अपेक्षा धरू नकोस. ती ज्या लहान माशांमागे येते त्यांचे थवे ते दाखवील, आणि त्यावरून अंदाज तुलाच बांधावा लागेल.

शिवाय हे यंत्र पुढचे पाहत नाही. २०० किलोहर्ट्झ वारंवारतेच्या ध्वनीचा झोत साधारण १२ अंशांचा असतो, त्यामुळे ११ वाव पाण्यात, म्हणजे सुमारे २० मीटरवर, तुला नौकेखालचे जेमतेम चार मीटर रुंदीचे वर्तुळ दिसेल. ५० किलोहर्ट्झचा झोत कितीतरी रुंद असतो आणि खोल जातो, पण बारकावे दाखवत नाही. म्हणून रात्री सुवर्णदुर्गाजवळच्या खडपांतून येताना या पडद्यावर विसंबून तू कधीही वेग वाढवू नयेस, हे मी वडील म्हणून बजावून सांगतो.

असे असूनही हे यंत्र तुझ्याकडे असावे असे मला मनापासून वाटते, आणि त्याचे मोठे कारण तळ हे आहे. कठीण तळाचा प्रतिध्वनी जोरदार येतो, उथळ पाण्यात त्याच्या खाली दुप्पट खोलीवर दुसरी रेघही उमटते; चिखलाचा तळ मंद दिसतो. खडपात एकदा जाळे फाटले की होणारे नुकसान सूनबाईंच्या हिशेबाच्या वहीत तू पाहिलेच आहेस. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून हंगामात संभाव्य मत्स्यक्षेत्राची जी सूचना फोनवर येते, तिच्यात दिशा आणि अंतराबरोबर खोलीही दिलेली असते. ती खोली गाठली की नाही हे कळले, तर शोधात जळणारे डिझेलही वाचेल.

तेव्हा नाखव्याला विसार दे, पूर्ण रक्कम देऊ नकोस. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असण्याच्या, दिवसांत, वारा पडलेला असताना, आंजर्ल्याच्या खाडीत भरतीच्या वेळी एखादी लहान होडी घ्या, ट्रान्सड्यूसर कळकाच्या काठीला घट्ट बांधून तोंड सरळ खाली राहील असा पाण्यात धरा आणि शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडून खोली ताडून पाहा. दोरी आणि पडदा यांचे जुळले पाहिजे. मग होडीचे इंजिन सुरू करून पाहा; इंजिन सुरू होताच पडदाभर ठिपके उठले तर विजेचा अडथळा आहे, आणि तो तारा दूर नेऊन बहुधा घालवता येतो. जोडणीच्या पिनांवर हिरवा कळंक चढला आहे का, हे बोट फिरवून तपास. पडदा दुपारच्या उजेडात वाचता येतो का तेही पाहा, कारण पडवीतल्या अंधारात सगळेच पडदे चांगले दिसतात.

तुझी नौका फायबरची आहे, त्यामुळे भोक न पाडता ट्रान्सड्यूसर आतून चिकटवता येईल. मात्र त्या जागी फायबर भरीव हवे, मध्ये फोमचा थर नको, आणि खोलीची थोडी ताकद कमी होईल हे गृहीत धर. नाखव्याची नौका लाकडी असल्याने त्याचा ट्रान्सड्यूसर ब्राँझचा, तळातून आरपार जाणाऱ्या दांड्याचा असण्याची शक्यता आहे. तो तुझ्या नौकेत आतून बसणार नाही, भोक पाडावे लागेल, आणि ते काम नौका वर असतानाच करावे लागते. म्हणून खाडीतली परीक्षा या पंधरवड्यात होणे आवश्यक आहे. ट्रान्सड्यूसर नौकेतून निघत नाही, फक्त पडदा घे, असे तो म्हणाला तर सरळ नकार दे. दुसरा ट्रान्सड्यूसर घेताना वारंवारता, वॅट आणि जोडणी हे तिन्ही जुळवावे लागते, आणि त्या खर्चात लहान का होईना, नवे यंत्र येते.

आणखी एक. यंत्रात नाखव्याने साठवलेल्या जागांच्या खुणा असतील. त्या त्याच्या आयुष्याची मिळकत आहेत. त्याच्यासमोर विचार आणि तो ठेव म्हणाला तरच ठेव. पावतीवर यंत्राचा अनुक्रमांक आणि दोघांच्या सह्या असाव्यात.

परीक्षा उतरली तर नव्याच्या निम्म्या किमतीपर्यंत जा, त्यापुढे नको. उलट टपाली ट्रान्सड्यूसरवर कोरलेला नमुना क्रमांक, त्यावरील वॅटचा आकडा आणि केबलची लांबी कळव, म्हणजे मी इथल्या दुकानात चौकशी करून ठेवीन.

तुझे,
बाबा