यादी उलटी धर

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

विषयांची यादी मिळाली. खाली तू विचारलंस, "आई, यातलं पहिल्या दोन वर्षांत काय काय उरकून टाकू?" 'उरकून टाकू' वाचून हसू आलं. कृषी पदवीला मीही अशीच उरकायला निघाले होते. त्यापायी माझा एक अख्खा हंगाम गेला. ते पुढे सांगते.

आधी ती यादी उलटी धर. शेवटच्या वर्षी शेतात स्वतःचा प्रयोग लावायचाय ना? तिथून मागे मागे ये. प्रयोगाला संख्याशास्त्र लागतं आणि संख्याशास्त्राला गणिताची भीड चेपलेली लागते. जमिनीची सुपीकता कळायची तर आधी मृदाशास्त्र आणि त्याच्याही आधी रसायनशास्त्र. कॅल्शियम, पोटॅशियमचे आयन चिकणमातीच्या कणांना कसे चिकटतात आणि एकमेकांची जागा कशी घेतात, हे डोक्यात नसेल तर खतांचा सगळा विषय घोकंपट्टीचा होतो. पीक पैदाशीच्या आधी आनुवंशिकी, वनस्पतिरोगशास्त्राच्या आधी सूक्ष्मजीवशास्त्र. मोठ्या कागदावर एका विषयाकडून दुसऱ्याकडे बाण काढ. ज्यातून जास्त बाण निघतील तो विषय आधी, मग तो कितीही रटाळ वाटो. इलेक्टिव्ह कुठं पळून जात नाहीत. आणि प्रॅक्टिकलचे तीन विषय एकाच सेमिस्टरला घेऊ नकोस. जर्नल लिहितालिहिता शेतात जायचं राहून जातं.

आता माझा पराक्रम. संख्याशास्त्र मी लांबवत लांबवत शेवटच्या सेमिस्टरपर्यंत नेलं होतं. प्रयोग मात्र त्याच्या आधीच लावला. शेजारी शेजारी दोन लांब पट्टे घेतले, एकात नेहमीचं खत, दुसऱ्यात तेच खत हप्त्याहप्त्यानं. रोज सकाळी जाऊन झाडांची उंची मोजायची, फुटवे मोजायचे. वहीत आकडे इतके सुबक, की मीच खूश. दुसरा पट्टा पहिल्यापेक्षा उजवा दिसायला लागला. कापणीनंतर सर फक्त दोन गोष्टी बोलले. "पुनरावृत्ती किती?" आणि मग, "शेताचा उतार कुठल्या बाजूला आहे?" उतार दुसऱ्या पट्ट्याकडे होता. पाणी तिकडं मुरत होतं, ओल तिथं जास्त दिवस टिकत होती. पीक खतानं वाढलं की ओलीनं, हे सांगायला माझ्याकडं काहीच नव्हतं. प्रत्येक पद्धतीचा एकेकच पट्टा, पुनरावृत्ती म्हणून दुसरा नाहीच!

परीक्षा बुडाली तर सहा महिन्यांनी देता येते. हंगाम गेला की गेला.

ज्या विषयाला मी टाळत होते, तो शेतातूनच मोठा झालाय हे मला फार उशिरा कळलं. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात 1843 पासून गव्हाचा एक प्रयोग चालू आहे, अजूनही. तिथं साठलेल्या वर्षानुवर्षांच्या आकड्यांचा अर्थ लावायला 1919 मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर गेले. शेतातली जमीन कधीच सारखी नसते, मग वाफ्यांचे गट पाडा, प्रत्येक गटात सगळी खतं येऊ द्या आणि कुठल्या वाफ्याला कुठलं खत ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, ही शिस्त त्यांनी घालून दिली. तू शिकणार आहेस ती टी-चाचणीसुद्धा (दोन सरासरींतला फरक खरा की योगायोगाचा, ते बघायची) 1908 ची, गिनेस या बिअर कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांची. मोजके नमुने हातात असताना काय म्हणता येईल, ही त्यांची अडचण होती. माझीही तीच होती, फक्त मी त्यावर विचार केला नाही. तेव्हा संख्याशास्त्र दुसऱ्या वर्षाच्या आत. यावर वाद नको.

साधा हिशेबही तितकाच पक्का कर. हेक्टरी 50 किलो नत्र द्यायचंय आणि वाफा 4 बाय 3 मीटरचा आहे. म्हणजे चौरस मीटरला 5 ग्रॅम, वाफ्याला 60 ग्रॅम नत्र. युरियात नत्र 46 टक्के, म्हणून युरिया सुमारे 130 ग्रॅम. चांगले गुण मिळवणारी मुलंसुद्धा इथं 60 ग्रॅम युरियाच टाकून मोकळी होतात. स्फुरदाचं आणखी वेगळं: पिशवीवरचा आकडा स्फुरदाच्या ऑक्साइडचा असतो, त्यात मूळ फॉस्फरस जेमतेम 44 टक्के.

यादीच्या शेजारी दुसरा रकाना आख, त्यात तुझ्या भागातल्या पिकांचे महिने लिही: पेरणी कधी, फुलोरा कधी, कापणी कधी. कॉलेजचं वेळापत्रक पिकाला विचारून केलेलं नसतं. बरेचदा फुलोरा ऐन परीक्षेत येतो आणि सुट्टीत शेत मोकळं असतं. म्हणून काम शिकायला जायचं ते सुट्टी कधी आहे यावर ठरवू नकोस, शेतात काय उभं आहे त्यावर ठरव. चार ठिकाणी पाहुण्यासारखं फिरण्यापेक्षा एकच शेत धर, पेरणीपासून मळणीपर्यंत. वाफसा आलाय की नाही, म्हणजे ओल पेरणीला बेताची झालीय का, हे जमीन बघून सांगता येणं, ही गोष्ट मला कुठल्याच तासाला शिकायला मिळाली नाही.

पहिल्या महिन्यापासून करायची एक सवय. जाशील तिथली चिमूटभर नव्हे, चांगली लिंबाएवढी माती घे. पाणी थेंबाथेंबानं घालत मळ, अंगठा आणि तर्जनीत दाबून पट्टी बाहेर काढत जा. अडीच सेंटीमीटरच्या आत तुटली तर चिकणमाती कमी, पाचच्या पुढं गेली तर भरपूर. मग तीच माती तळहातावर पातळ करून बोट फिरव. करकर लागली तर वाळू, पिठासारखी मऊ लागली तर गाळ. अंदाज वहीत लिही आणि नंतर प्रयोगशाळेतल्या आकड्याशी ताडून बघ. पहिले दहा-बारा अंदाज चुकतील. माझे तर त्याहून जास्त चुकले.

वनस्पतींचे नमुने स्वतः गोळा कर, सीनियरची फाइल उसनी आणू नकोस. फाइल तपासणाऱ्याला कळतं, मीही तपासल्यात.

स्पेशलायझेशनचं आत्ता काही ठरवू नकोस. पहिल्या वर्षी सगळ्यांनाच जैवतंत्रज्ञान हवं असतं, त्यातले निम्मे पुढं किडे धरत फिरतात आणि मजेत असतात.

बाणांचा कागद तयार झाला की फोटो पाठव. संख्याशास्त्र कुठं टाकलंयस, ते मी आधी बघणार आहे.

तुझी,
आई