महानगरावरून जाताना सरळ रेषेचा मार्ग गृहीत धरू नये

माननीय संपादक महोदय,

निघण्याचे आणि उतरण्याचे ठिकाण अ‍ॅपमध्ये भरले की मार्ग, लागणारा वेळ आणि इंधन यांचे आकडे क्षणात समोर येतात. त्यामुळे लहान विमानाच्या आयएफआर उड्डाणाचे, म्हणजे ढगांतून केवळ उपकरणांच्या आधारे करावयाच्या उड्डाणाचे, नियोजन असे काही आता उरलेलेच नाही, अशी समजूत नव्या वैमानिकांमध्ये रुजताना दिसते. मोकळ्या आकाशात ती फारशी नडत नाही. परंतु अनेक विमानतळ एकमेकांना खेटून असलेल्या महानगरावरून जायचे असेल, तर मी ती धोकादायक मानतो.

न्यूयॉर्कचेच उदाहरण घेऊ. केनेडी, लाग्वार्डिया, नेवार्क आणि टेटरबोरो हे विमानतळ इतके जवळजवळ आहेत की एकाकडे उतरणाऱ्या विमानांची रांग दुसऱ्यावरून चढणाऱ्या विमानांच्या माथ्यावरून जाते. टेटरबोरोच्या २४ क्रमांकाच्या धावपट्टीवरून निघालेल्या विमानाला सुरुवातीला १,५०० फुटांवरच थांबावे लागते, कारण नेवार्ककडे उतरणारी मोठी विमाने त्याच्या थोडीच वरून जात असतात. दोन विमानांमध्ये उंचीचे १,००० फूट किंवा विमानतळाजवळच्या रडारवर साधारणपणे ३ सागरी मैल, एवढे अंतर जमिनीवरून विमानांना मार्ग देणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रकाला सतत राखायचे असते. या गर्दीत १२० नॉट, म्हणजे ताशी १२० सागरी मैल, वेगाच्या विमानाने मागितलेली सरळ रेषा मिळाली नाही, तर त्यात नियंत्रकाचा आडमुठेपणा नसतो. त्या रेषेवर मोकळी जागाच नसते.

म्हणून मार्ग आपल्या सोयीने आखण्याऐवजी नियंत्रक कोणता मार्ग देतील, हे आधी शोधावे. अमेरिकेत एफएए, म्हणजे तिथली हवाई वाहतूक नियामक संस्था, पसंतीचे आयएफआर मार्ग प्रसिद्ध करते. कमी उंचीवरून जवळच्या अंतरावर जाणाऱ्या विमानांसाठी ‘टॉवर एन-रूट’ मार्गही प्रसिद्ध केलेले असतात. फ्लाइट प्लॅनमध्ये, म्हणजे उड्डाणाआधी सादर करायच्या आराखड्यात, तेच भरले, तर क्लिअरन्स, म्हणजे नियंत्रकाची मार्गासह परवानगी, बहुधा त्याच्याशी जुळणारे मिळते. तरीही हवेत बदल होऊ शकतो, आणि ढगात एकट्याने विमान सांभाळत, मार्गावरील कधी न ऐकलेल्या बिंदूंची, म्हणजे नकाशावरील ठरावीक ठिकाणांची, नावे लिहून घेऊन ती जीपीएसमध्ये भरणे हे या उड्डाणातील सर्वांत कठीण कामांपैकी एक आहे. शहराला वळसा घालणारे दोन-तीन संभाव्य मार्ग आणि त्यांवरील बिंदूंची नावे जमिनीवरच डोळ्यांखालून गेलेली असली, तर हा भार निम्मा होतो.

इंधनाच्या बाबतीत तर मला कोणतीही सवलत मान्य नाही. अमेरिकी नियमानुसार मुक्कामापर्यंतचे, तेथे उतरता न आल्यास तेथून पर्यायी विमानतळापर्यंतचे आणि त्यावर ४५ मिनिटांचे इंधन हवे. पोहोचण्याच्या आधीच्या व नंतरच्या एका तासात ढगांचा तळ किमान २,००० फूट आणि दृश्यमानता ३ मैल राहील असा अंदाज असेल, तर पर्यायी विमानतळाची अट सामान्यतः लागू होत नाही. पण हा सारा हिशेब सरळ रेषेवर मांडला, तर ती ४५ मिनिटे कागदावरच राहतात. प्रत्यक्षात वळसा, कमी उंचीवरचे उड्डाण आणि हवेत घिरट्या घालत थांबणे यांतच ती खर्ची पडतात. पर्यायी विमानतळही त्याच महानगरातला नसावा, कारण ज्या हवामानाने आणि गर्दीने आपल्याला परत पाठवले, तेच बहुधा तिथेही असते.

फ्लाइट प्लॅनमधील मार्ग ही निव्वळ औपचारिकता आहे असे मानणाऱ्यांनी रेडिओ बंद पडल्यावरचा नियम पुन्हा वाचावा. ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या उपकरणावर, रेडिओ बंद असल्याचा ७६०० हा संकेत लावल्यावर, ढगात असल्यास, नियंत्रकाने शेवटचा दिलेला मार्ग धरायचा. रडारने वळवलेले असेल, तर सांगितलेल्या बिंदूकडे थेट जायचे. तेही नसेल, तर पुढे अपेक्षित म्हणून सांगितलेला मार्ग, आणि तोही सांगितला नसेल, तर प्लॅनमध्ये भरलेला. त्या वेळी नियंत्रक इतर विमाने याच क्रमावर विसंबून बाजूला करतो. बिघाड विमानातच होतो असेही नाही. २८ एप्रिल २०२५ रोजी नेवार्कची वाहतूक सांभाळणाऱ्या फिलाडेल्फियातील केंद्राचे रडार आणि रेडिओ सुमारे दीड मिनिट बंद पडले होते. तेवढ्या वेळात लहान विमानही दोन-तीन सागरी मैल पुढे जाते.

प्रशिक्षकांना माझी विनंती आहे की, उपकरणांच्या आधारे उतरण्याच्या सरावाला आपण जितका वेळ देता, त्यातला काही या तयारीला द्यावा. विद्यार्थी विमानात बसण्यापूर्वी त्याला मिळू शकणारा सर्वांत लांबचा मार्ग कोणता, त्या मार्गाने उतरताना टाकीत किती इंधन उरेल आणि या क्षणी रेडिओ गेला तर तो कुठल्या बिंदूकडे, किती उंचीवरून जाईल, हे त्याला विचारावे. उत्तरे देताना तो अडखळला, तर त्या दिवशीचे उड्डाण पुढे ढकलावे.

आपला विश्वासू,
एक वाचक