शनिवारी शाळेत भूकंप आणि आगीचा सराव
सर्व पालकांना नमस्कार. येत्या शनिवारी मधल्या सुट्टीनंतर शाळेत सराव आहे. सलग लांब घंटा वाजेल. मुलं बाकाखाली बसून डोकं झाकतील, बाकाचा पाय घट्ट धरतील आणि दुसऱ्या सूचनेवर रांगेने मैदानात येतील. तिथे हजेरी होईल. दप्तर, डबा, चप्पल काहीही घ्यायला मागे फिरायचं नाही, हे घरी दोनदा सांगा. पाण्याच्या नव्या बाटलीसाठी हमखास कुणीतरी वळतंच!

लातूरकरांना भूकंपाचं वेगळं सांगायला नको. पण किल्लारीचा धक्का ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे बसला, मुलं घरी झोपेत होती. म्हणून घरीही बाहेर पडायची वाट एकदा मुलांसोबत चालून बघा. २००४ मध्ये कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातली आग छपराला लागली, जिना अरुंद होता, ९४ मुलं गेली. आपल्या जिन्याखालची जुनी बाकं त्यासाठीच हलवतोय. शुक्रवारी चार-पाच जण मदतीला या.

सराव चालू असताना फाटकापुढे गाड्या लावू नका, ती जागा बंबाची आहे. नंबर बदलला असेल तर वर्गशिक्षकांना कळवा. आणीबाणीत मूल फक्त नोंद असलेल्या व्यक्तीकडेच सोपवलं जाईल, सख्खा मामा आला तरी.