तांब्याचे पोचे तसेच राहू द्या

महोदय,

३० सप्टेंबर जवळ आला की किल्लारीच्या भूकंपाच्या आठवणी छापून येतात. १९९३ची ती पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या रात्री गणपती बोळवून येऊन निजलेली गावं. हे दरवर्षी यायलाच हवं. मला लिहायचं आहे ते ढिगाऱ्यातून निघालेल्या आणि आता भंगारात चाललेल्या वस्तूंविषयी.

आमचं घर माळवदाचं होतं. जाडजूड दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचा थर. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती पडायची. तेच सगळं ओझं अंगावर आलं. आजी आणि धाकटी बहीण गेली. नंतर ढिगारा उपसताना जे हाती लागलं ते आईनं गोणपाटात बांधलं, आणि नव्या गावठाणातल्या घरात ती गाठ तीस वर्षं कुणी सोडली नाही.

गेल्या वर्षी मी सोडली. चेपलेला पितळी तांब्या, दाराची कडी, जात्याची खालची तळी, बहिणीची फुटकी पाटी. जुन्या दाराच्या चौकटीचं एक लाकूड गोठ्यात पडलं होतं, ते पुसून ओसरीच्या भिंतीला उभं केलं आणि त्यावर या वस्तू बसवल्या. जुन्या भिंतीचा एक दगडही पायाशी ठेवणार होते, पण आई म्हणाली, "दगडानं माणसं खाल्ली, दारात नको." जात्याला मात्र तिनं हात लावला, हळदकुंकू वाहिलं. दोन्ही दगडच, पण एकावर तिनं आणि आजीनं समोरासमोर बसून दळलं होतं. भिंतीतला दगड मी परत नेऊन टाकला.

ओळखीच्या कासारानं तांब्याचे पोचे फुकट काढून देतो म्हटलं. त्याचा हेतू चांगला होता, पण मी नाही म्हटलं. आजीच्या उशाशी असलेला तांब्या तसाच दिसला पाहिजे.

भोपाळमध्ये वायुकांडातून वाचलेल्यांनी आपल्या माणसांचे कपडे, रोजच्या वापरातल्या वस्तू देऊन संग्रहालय उभं केलं आहे. आपल्याकडे ५२ गावं नव्या जागी वसली, त्यांतल्या कितीतरी घरांत अशी गाठोडी असतील. माझ्या डोळ्यांदेखत शेजारची कोरीव तुळई टेम्पोत चढली, कुणाच्या घरची हे विचारायलाही कुणी थांबलं नाही.

वाचकांना विनंती आहे, विकण्याआधी एकदा गाठ सोडा. वस्तू कुणाची, घरात कुठे असायची, एवढं कागदावर लिहून तिला बांधा. ग्रामपंचायतींनी, शाळांनी एक भिंत द्यावी. हे यंदाच व्हावं, कारण वस्तू पाहून माणसाचं नाव सांगू शकणारे आता सत्तरीपुढचे आहेत. आमच्या गाठोड्यातली एक बिनदांड्याची पळी आईलाही ओळखता आलेली नाही.

– एक वाचक, ता. औसा, जि. लातूर