परसबागेची तपासणी श्रावणात करा

संपादक महोदय,

शाळांच्या परसबागांचे फोटो पेपरात मस्त येतात, पण आमच्या राजापूर बाजूला जे दिसतंय तेही छापा एकदा. 2019 ला केंद्राने शाळेतल्या पोषण बागांच्या गाइडलाइन काढल्या, आपल्याकडे स्पर्धापण होतात, सगळं चांगलंच आहे. पण माझ्या माहितीतल्या एका शाळेत तपासणीच्या आदल्या दिवशी नर्सरीतून कोबी-फ्लॉवरची रोपं आणून पिशव्यांसकट जमिनीत पुरली, साहेब आले, फोटो झाला आणि आठवड्यात वांदरांनी सगळं उपटून टाकलं. पोरांनी त्यातलं पानही खाल्लं नाही.

अहो शाळा आणि पाऊस दोन्ही जूनलाच सुरू होतात, याहून सोपं काय हवं! कातळावर शाळा असेल तर चार घमेली माती आणि शेणखत आणून वाफे करायचे, मांडव घालायचा आणि पडवळ, दोडकी, कारली, काकडी सोडायची. बी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं घ्या ना, कारल्याची कोकण तारा, दोडक्याची कोकण हरिता आपल्याच हवेसाठी काढल्यात. लाल माठ तर महिन्याभरात काढायला येतो. आमच्या वाडीतल्या पोरांना मी बघितलंय, पडवळाच्या टोकाला सुतळीने दगड बांधायचा, म्हणजे ते वाकडं न होता सरळ लोंबतं, तर तो दगड कोणी बांधायचा यावरून भांडणं! आणि मग तेच पडवळ डाळ घालून केलं की तोंड वाकडं करणारी पोरंपण ताट पुढे करतात, स्वतः वाढवलेलं असतं ना.

पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या पोराला रोज 50 ग्रॅम भाजी धरलेली आहे, पुढे आठवीपर्यंत 75. म्हणजे 40 पोरांच्या प्राथमिक शाळेला दिवसाला 2 किलो. एवढी रोज परसबागेतून निघणार नाही हे मलाही कळतं, पण पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी निघेल की.

पाऊस गेला की पाण्याची बोंब, हे खरंच आहे. तर पोरं ताटं धुतात ते पाणी चर काढून अळू आणि केळीला सोडा, घरी न्हाणीचं सोडतो तसंच. अळू, सुरण, हळद याला वांदर सहसा तोंड लावत नाहीत आणि अळवात आमसूल का घालतात (नाहीतर घसा खाजतो) ते पोरांना आपोआप कळतं. मे महिन्यात शाळेत कोणीच नसतं, तेव्हा बाग सुकली म्हणून मास्तरांना धारेवर धरू नका, बिचाऱ्यांना आधीच कमी कामं आहेत का!

माझं म्हणणं एवढंच, तपासणी श्रावणात करा, न कळवता या आणि फोटो काढायच्या आधी खिचडी शिजवणाऱ्या ताईंना विचारा, बागेतली भाजी या महिन्यात किती वेळा टोपात पडली. मार्क त्यावर द्या.

– एक पालक, राजापूर तालुका